मोठी सौर ज्वाला, पण ना उद्रेक ना कणांचा मारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यावर ‘एक्स’ वर्गाची ज्वाला दिसल्याची बातमी आली की किनाऱ्यावरच्या गावांतील व्हॉट्सअॅप गटांवर ठरावीक संदेश फिरू लागतात: इंटरनेट बंद पडणार, जीपीएस भरकटणार, होड्या दर्यात नेऊ नका. दोन-तीन दिवस जातात, काहीच घडत नाही, आणि मग ‘शास्त्रज्ञ उगाच घाबरवतात’ असा दुसरा संदेश येतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे विद्यार्थी, शिक्षक, हौशी रेडिओचालक आणि मच्छीमार अशा प्रसंगी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे विषयच तसा आहे.

सौर ज्वाला आणि सौर उद्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

होय, आणि निम्मा गोंधळ या दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. सौर ज्वाला म्हणजे सूर्याच्या वातावरणातील चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होऊन झालेला प्रखर झगमगाट. त्यात क्ष-किरण आणि अतिनील किरण यांचा वाटा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. उद्रेक, म्हणजे ज्याला सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) असे संक्षिप्त नाव आहे तो, प्रकाशाचा नसून द्रव्याचा असतो. सूर्याच्या कोरोनातील, म्हणजे बाह्य वातावरणातील, अब्जावधी टन प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) आपल्या चुंबकीय क्षेत्रासह सूर्यापासून सुटतो आणि सेकंदाला काही शे ते क्वचित तीन हजार किलोमीटर वेगाने अवकाशात निघून जातो.

ज्वालेचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोहोचतो. उद्रेकाचे द्रव्य पृथ्वीच्या दिशेने निघालेच, तर सर्वांत वेगवानाला पंधरा ते अठरा तास आणि सामान्य उद्रेकाला दोन-तीन दिवस लागतात. तिसरा प्रकार ऊर्जावान कणांचा, मुख्यतः प्रोटॉनांचा. ते ज्वालेनंतर काही मिनिटांपासून काही तासांत येऊ शकतात. हे तिन्ही पुष्कळदा एकाच घटनेतून निघतात, म्हणून ते नेहमी एकत्रच येतात असा समज रूढ झाला आहे.

‘एक्स’ वर्ग म्हणजे नेमके काय मोजले जाते?

अमेरिकेच्या गोज मालिकेतील उपग्रहांवर ०.१ ते ०.८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या क्ष-किरणांची तीव्रता सतत मोजली जाते आणि ज्वालेच्या शिखरक्षणी जो आकडा येतो त्यावरून ए, बी, सी, एम आणि एक्स असे वर्ग ठरतात. प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दहापट. एक्स १ म्हणजे दर चौरस मीटरला एका वॅटचा दहा हजारावा भाग.

या मोजमापात चुंबकीय दोर (पिळलेल्या चुंबकीय रेषांचा जुडगा) सुटला का, द्रव्य किती उडाले, कोणत्या दिशेने उडाले, कण बाहेर पडले का, यांपैकी कशाचाही अंतर्भाव नाही. ‘एक्स’ हे अक्षर फक्त क्ष-किरणांच्या शिखराबद्दल बोलते. वृत्तपत्रांत त्याला वादळाचा क्रमांक असल्यासारखे छापले जाते, आणि माझ्या मते बातमीदारीतील हीच सर्वांत महागात पडणारी ढिलाई आहे.

ज्वाला इतकी तीव्र असूनही द्रव्य बाहेर का पडत नाही?

सौरडागांच्या परिसरात विरुद्ध ध्रुवांचे प्रदेश एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्या सीमेवरील चुंबकीय रेषा, पृष्ठभागावरील हालचालींमुळे व खालून वर येणाऱ्या नव्या क्षेत्रामुळे, ताणल्या जातात आणि पिळल्या जातात. पिळलेल्या रेषांचा हा जुडगा काथ्याच्या सुंभासारखा समजावा: प्रत्येक पिळागणिक त्यात ऊर्जा साठते आणि तो जागच्या जागी वळवळू लागतो. पीळ असलेल्या, विद्युतप्रवाह वाहणाऱ्या अशा कमानीवर आपोआपच वरच्या दिशेने एक बल कार्य करते. मात्र तिच्यावर डागसमूहाच्या मोठ्या, मजबूत चुंबकीय कमानी आडव्या बांधलेल्या असतात आणि त्या तिला खाली दाबून धरतात.

आता प्रश्न या दोन बलांच्या हिशेबाचा उरतो. दोर वर सरकू लागला की त्याचे वर ढकलणारे बलही उंचीबरोबर कमी होते आणि वरच्या कमानींची पकडही सैल होते. पकड अधिक वेगाने सैल होत असेल तर दोर सुटतो, नाहीतर अडकून राहतो. ही मर्यादा बर्नहार्ड क्लीम आणि तिबोर तोरोक यांनी २००६ मध्ये मांडली आणि तिला टोरस अस्थिरता म्हणतात. ढोबळमानाने, उंची दुप्पट झाल्यावर वरचे क्षेत्र सुमारे २.८ पटींहून अधिक घटत असेल तर दोर मोकळा होण्याची शक्यता असते. ज्या उंचीवर ही मर्यादा ओलांडली जाते ती कमी असेल तर उद्रेक सोपा. ती फार वर असेल तर दोराला तेथवर पोहोचण्याआधीच थांबावे लागते.

पण मग ज्वाला तरी कशी होते? कारण ऊर्जा मोकळी होण्यासाठी वरच्या कमानींचा पिंजरा उघडावाच लागतो असे नाही. आतल्या आत विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना भिडून तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात; या चुंबकीय पुनर्जोडणीत निघालेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना वेग देते, खालचा वायू तापवते, तो वायू कमानींमध्ये वर चढतो आणि एक ते दोन कोटी अंश तापमानाला क्ष-किरणांत झळकतो. गोज उपग्रहाच्या मापकाला हा झगमगाटच दिसतो. पिंजरा बंद असला तरी त्याच्या लेखी ज्वाला ती ज्वालाच. अशा ज्वालेला ‘कोंडलेली ज्वाला’ म्हणू.

कोंडल्या जाण्याचे प्रकारही दोन दिसतात. एकात दोर खरोखर उसळतो आणि वरच थबकतो. २७ मे २००२ रोजी ट्रेस उपग्रहाने टिपलेली घटना याचे गाजलेले उदाहरण आहे. त्या वेळी एक तंतू, म्हणजे कोरोनात तरंगणारा दाट, तुलनेने थंड वायूचा पट्टा, वेगाने वर आला, त्याला नागमोडी वळसा पडला आणि तो कोरोनातच अडकून द्रव्य पुन्हा खाली सांडले. दुसऱ्या प्रकारात उसळण्याजोगा स्पष्ट दोर तयारच झालेला नसतो. शेजारशेजारच्या ताणलेल्या कमानी एकमेकींशी भिडतात आणि तेथेच सारे आटोपते.

उद्रेक झाला की दोराबरोबर चुंबकीय पीळही सूर्यापासून दूर निघून जातो. कोंडलेल्या ज्वालेत ऊर्जेचा काही भाग प्रकाश आणि उष्णता होऊन जातो, पण पिळाला बाहेर जायला वाटच नसते, म्हणून तो बहुतांशी तेथेच राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे आपल्याकडे हट्टी माणसाबद्दल म्हणतात. येथे ते जवळपास शब्दशः लागू पडते, आणि एकाच डागसमूहातून एकापाठोपाठ एक सारख्याच कोंडलेल्या ज्वाला का निघू शकतात याचा काही अंशी उलगडाही त्यातून होतो.

याचे एखादे ठळक उदाहरण आहे का?

ऑक्टोबर २०१४ मधला १२१९२ क्रमांकाचा डागसमूह. नोव्हेंबर १९९० नंतरचा तो सर्वांत मोठा समूह होता. त्याची रुंदी गुरू ग्रहाच्या व्यासाच्या जवळपास होती. पाऊस सरून आकाश स्वच्छ झाले होते, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला होता आणि सुरक्षित गाळणीतून पाहिले तर दुर्बिणीशिवायही सूर्यबिंबावर तो काळा ठिपका दिसत असे. दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रतिमा घेतल्यास गडद गाभ्याचे तुटक तुकडे, त्यांना वेढणारी करडी किनार आणि गाभ्याला छेदून जाणारे उजळ पूल वेगवेगळे ओळखू येत.

या समूहातून १९ ते २७ ऑक्टोबर या काळात एक्स वर्गाच्या सहा ज्वाला निघाल्या. पहिली १९ ऑक्टोबरला आपल्या वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास शिखरावर पोहोचली. त्या सकाळी सबंध महाराष्ट्र विधानसभेच्या मतमोजणीत गुंतला होता, त्यामुळे तिची दखल कोणी घेतली असेल असे वाटत नाही. सर्वांत मोठी, एक्स ३.१, भाऊबिजेच्या पहाटे तीन वाजून गेल्यावर झाली. या सहांपैकी एकीबरोबरही मोठा उद्रेक निघाला नाही, पृथ्वीवर मोठे भूचुंबकीय वादळ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील उलथापालथ) झाले नाही आणि या ज्वालांमागून प्रोटॉनांचा लोंढाही आला नाही. गंमत अशी की त्याच समूहातून उद्रेक निघाला तो तुलनेने लहान, एम ४ वर्गाच्या ज्वालेबरोबर, पाडव्याच्या दुपारी. ती ज्वाला समूहाच्या कडेला, जेथे वरची पकड सैल होती, तेथे झाली होती.

शुदोंग सुन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या समूहाची तुलना फेब्रुवारी २०११ मधील १११५८ आणि मार्च २०१२ मधील ११४२९ या उद्रेकी समूहांशी केली. त्यांना आढळले ते असे की १२१९२ च्या गाभ्यावरील आडवे क्षेत्र फार बळकट होते आणि उंचीबरोबर ते सावकाश घटत होते, तर समूहाच्या अवाढव्य आकारमानाच्या मानाने आतील पीळ आणि ताण बेताचाच होता. आकाराने राक्षस असलेला डाग उद्रेकाच्या बाबतीत कोता ठरला याचे कारण त्याचा आकारच होता: जितका चुंबकीय प्रवाह जास्त, तितकी वरची झाकण-कमानही भक्कम.

असे किती वेळा घडते?

एक्स वर्गात कमी वेळा, खालच्या वर्गांत सर्रास. सोहो यानावरील लास्को या कोरोनादर्शकाच्या (सूर्यबिंब झाकून भोवतीचा कोरोना दाखवणाऱ्या उपकरणाच्या) नोंदींवरून केलेल्या एका गाजलेल्या गणनेत सी ३ ते सी ९ ज्वालांपैकी सुमारे २० टक्के, एम वर्गापैकी ४९ टक्के आणि एक्स वर्गापैकी ९१ टक्के ज्वालांबरोबर उद्रेक आढळला. म्हणजे ‘मोठी ज्वाला, म्हणून उद्रेक’ हा अंदाज दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो, आणि म्हणूनच उरलेली एक वेळ लोकांना चकवते.

१९९६ ते २००४ मधील एक्स ज्वालांच्या आणखी एका अभ्यासात वांग आणि झांग यांनी निवडक घटनांची जागा मोजली. कोंडलेल्या ज्वाला डागसमूहाच्या चुंबकीय केंद्रापासून ६ ते १७ हजार किलोमीटरांवर होत्या आणि उद्रेकी ज्वाला २२ ते ३७ हजार किलोमीटरांवर. उदाहरणे थोडी होती हे खरे, पण पाडव्याच्या त्या एम ४ ज्वालेची कथा याच्याशी जुळते.

ज्वालेत वेग मिळालेले कण मग जातात कुठे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि तोच सर्वांत चांगला आहे. कोंडलेल्या ज्वालेत कणांना वेग मिळतच नाही, असे मुळीच नाही. १२१९२ च्या ज्वालांमध्ये कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, क्ष-किरणांची नोंद झाली होती आणि ते किरण वेगवान इलेक्ट्रॉन दाट वायूवर आदळल्याशिवाय निघत नाहीत. इलेक्ट्रॉन तयार झाले, विपुल झाले. फक्त ते ज्या कमानींवर होते त्यांची दोन्ही टोके सूर्यातच रोवलेली होती. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच कडेने जातो, आडवा सहसा जात नाही. म्हणून बंद कमानीवरील कण घसरत खाली वर्णमंडलात, म्हणजे कोरोनाखालच्या दाट थरात, येतात, तेथे आदळून आपली ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि प्रकरण तेथेच मिटते.

कण अंतराळात पोहोचायचे तर दोनच दारे आहेत. एक म्हणजे सूर्यापासून थेट बाहेर गेलेल्या, खुल्या रेषा; ज्वालेची पुनर्जोडणी अशा रेषांना भिडली तर इलेक्ट्रॉन निसटतात आणि वाटेत रेडिओ तरंग सोडत जातात. काही सेकंदांत वरच्या वारंवारितेकडून खालच्या वारंवारितेकडे झपाट्याने घसरणारा हा रेडिओ-स्फोट ‘प्रकार ३’ म्हणून ओळखला जातो. दुसरे दार म्हणजे वेगवान उद्रेकापुढे तयार होणारी आघातलहर. ती कोरोनातून व पुढे ग्रहांमधल्या अवकाशातून जाताना तासन् तास प्रोटॉनांना वेग देत राहते, आणि मोठ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रोटॉन घटनांचा बहुतेक पुरवठा तिच्याकडूनच होतो; तिची रेडिओ खूण ‘प्रकार २’, सावकाश घसरणारी.

कोंडलेल्या ज्वालेत उद्रेक नाही म्हणून आघातलहर नाही, आणि ज्वाला समूहाच्या पोटात, बंद कमानींच्या झाकणाखाली झालेली असल्याने खुल्या रेषाही हाताशी नाहीत. दोन्ही दारे एकाच कारणाने बंद असतात. कार्ल-लुडविग क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उद्रेकाविना झालेल्या तीव्र ज्वाला तपासल्या तेव्हा त्यांना हाच नमुना दिसला: सूर्याजवळच्या उच्च वारंवारितेच्या रेडिओ नोंदींत वेगवान इलेक्ट्रॉनांची साक्ष आहे, पण सूर्यापासून दूर जाताना दिसणाऱ्या कमी वारंवारितेच्या स्फोटांचा पत्ता नाही.

उद्रेक झाला, कण निघाले, तर ते पृथ्वीवर येतातच का?

नाही. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने सौरवाऱ्यातील चुंबकीय रेषा वक्र होतात आणि पृथ्वीशी जोडलेली रेषा सामान्यतः सूर्यबिंबाच्या पश्चिम भागातून, मध्यापासून सुमारे ५५ ते ६० अंशांवरून निघते. म्हणून पश्चिमेकडच्या ज्वालांचे कण लवकर पोहोचतात. २० जानेवारी २००५ च्या एक्स ७.१ ज्वालेनंतर ते काही मिनिटांतच आले होते. पूर्व कडेवरील घटनेचे कण उशिरा, कमी संख्येने किंवा मुळीच येत नाहीत.

एकच डागसमूह आधी कोंडलेली आणि नंतर उद्रेकी ज्वाला देऊ शकतो का?

देऊ शकतो, आणि काही तासांच्या हिशेबात. ६ सप्टेंबर २०१७ रोजी १२६७३ या समूहात आपल्याकडील दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी एक्स २.२ ज्वाला झाली आणि ती कोंडलेली राहिली. तीन तासही झाले नव्हते तोच, साडेपाचच्या सुमारास, त्याच ठिकाणाहून एक्स ९.३ ज्वाला उसळली आणि या वेळी उद्रेक बाहेर पडला; ७ आणि ८ सप्टेंबरला पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ झाले. चारच दिवसांनी पश्चिम कडेवरून एक्स ८.२ ज्वाला झाली आणि तिचे कण जमिनीवरील उपकरणांपर्यंत पोहोचले. पहिल्या ज्वालेने दोराची रचना बदलली व वरची पकड ढिली केली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे ‘हा डाग कोंडलेल्या जातीचा’ असा कायमचा शिक्का कोणत्याही समूहावर मारू नये.

कोंडलेल्या ज्वालेचा आपल्या किनाऱ्यावर काहीच परिणाम होत नाही का?

होतो, पण फक्त प्रकाशाचा, आणि फक्त दिवसा. ज्वालेचे क्ष-किरण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, आयनांबराच्या (पृथ्वीच्या वातावरणातील विद्युतभारित पट्ट्याच्या) खालच्या थरात इलेक्ट्रॉन वाढवतात आणि तो थर लघुतरंग रेडिओ शोषू लागतो.

फेब्रुवारी २०२४ चे उदाहरण घ्या. १३५९० या समूहातून एका दिवसाच्या अवधीत एक्स वर्गाच्या तीन ज्वाला निघाल्या आणि तिन्ही उद्रेकाविना राहिल्या. पहिली, एक्स १.८, आपल्याकडे २२ तारखेच्या पहाटे. दुसरी, एक्स १.७, त्याच दिवशी दुपारी बारा वाजून दोन मिनिटांनी; तिसरी आणि सर्वांत मोठी, एक्स ६.३, २३ तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास. देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागांवर सूर्य माथ्याशी होता तो फक्त मधल्या ज्वालेच्या वेळी. साहजिकच तिघींत सर्वांत लहान असलेल्या ज्वालेचा परिणाम आपल्याला सर्वांत जास्त, आणि सर्वांत मोठीचा शून्य, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला होतो.

अशा वेळी लघुतरंग रेडिओ लावून बसलेल्याला आधी दूरची केंद्रे क्षीण होताना ऐकू येतात, मग पार्श्वभूमीची खरखरही खाली बसते आणि संच बिघडला की काय असे वाटून माणूस एरियल हलवून पाहतो. खालच्या वारंवारिता आधी जातात आणि शेवटी परत येतात. मासेमारी नौकांवरील व्हीएचएफ संच समोरासमोरच्या अंतरावर चालतात, त्यांना या शोषणाचा त्रास होत नाही. मोबाइलचे मनोरेही वेगळ्या वारंवारितेवर असतात. त्याच २२ तारखेला अमेरिकेत मोबाइल सेवा काही तास कोलमडली आणि दोष ज्वालांवर ढकलला गेला, पण तेथील अवकाश-हवामान केंद्राने ज्वालांचा संबंध असण्याची शक्यता कमी असल्याचे सांगितले.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत यातले काय उमटते?

मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होते, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत ती अलिबागला हलवण्यात आली आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. आज ही वेधशाळा पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

तेथील आलेखावर ज्वाला आणि उद्रेक यांच्या खुणा वेगवेगळ्या ओळखता येतात. दिवसा तीव्र ज्वाला झाली तर आयनांबरातील प्रवाह क्षणभर वाढून रेषेवर एक छोटा आकडा, गळाच्या टोकासारखा, उमटू शकतो आणि अर्ध्या-पाऊण तासात रेषा पूर्ववत होते. उद्रेक येऊन थडकला तर आधी एक झटका, मग क्षेत्राच्या आडव्या घटकात तासन् तास मोठी घसरण, आणि सावकाश भरपाई. कोंडलेल्या ज्वालेला फार तर पहिली खूण मिळते.

दोन्ही खुणांचा पहिला प्रसिद्ध जोड १८५९ मधला. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी पांढऱ्या प्रकाशात ज्वाला पाहिली, त्याच क्षणी लंडनजवळच्या क्यू वेधशाळेच्या चुंबकीय आलेखावर असाच छोटा आकडा उमटला. सुमारे साडेसतरा तासांनी उद्रेक पोहोचला आणि कुलाब्याच्या नोंदीत आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) कोसळला. तुलनेसाठी, १० आणि ११ मे २०२४ च्या वादळात, जेव्हा लडाखमधील हानले येथून तांबडा ध्रुवप्रकाश टिपला गेला, विषुववृत्तीय पट्ट्यावरील निर्देशांक उणे ४०० नॅनोटेस्लांच्या आसपास गेला होता.

सौर वादळामुळे अरबी समुद्रात चक्रीवादळ येते का?

नाही. ‘वादळ’ हा शब्द सामायिक आहे, यंत्रणा नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ समूह धगधगत असतानाच अरबी समुद्रात निलोफर चक्रीवादळ तयार झाले, हा योगायोग अजूनही पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण मोसमी पावसानंतरचे हे महिने चक्रीवादळांचेच असतात. उलट ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा सूर्य आपल्या चक्राच्या तळाशी, जवळपास डागविरहित होता. होड्या बंदरात ठेवायच्या की नाही हे हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून ठरवावे.

ज्वालेशिवाय उद्रेक होतो का?

होतो. डागांपासून दूर, शांत भागातील लांबलचक तंतू कधी कधी सुटून जातात आणि क्ष-किरणांच्या आलेखावर फारसे काही दिसत नाही. तेथे पीळ कमी असतो, पण वरचे झाकणही कमकुवत असते.

ज्वाला कोंडलेली राहील की नाही हे आधी सांगता येते का?

खात्रीने नाही. पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र मोजता येते, मात्र उद्रेकाचा निकाल ज्या उंचीवर लागतो तेथील क्षेत्र थेट मोजणे फार कठीण असल्याने ते गणिताने काढावे लागते. वरच्या क्षेत्राचा उतार आणि आतला पीळ यांचे गुणोत्तर पाहून शक्यता सांगता येते, तीही दिवसांच्या हिशेबात.

ज्वाला झाल्यानंतर मात्र चित्र लवकर स्पष्ट होते. अतिनील चित्रांत ज्वालेच्या दोन उजळ पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकत गेल्या, आसपासचा कोरोना मंदावला, ‘प्रकार २’ रेडिओ-स्फोट आला, तर उद्रेकाची शंका बळावते. पट्ट्या जागीच राहिल्या आणि बाकी काही नसले तर ज्वाला बहुधा कोंडलेली. कोरोनादर्शकाची चित्रे आली की शिक्कामोर्तब होते. भारताचे आदित्य एल-१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर काम करत आहे. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत घडवलेल्या त्यावरील सूट दुर्बिणीने २२ फेब्रुवारीची, आपल्याकडची २३ च्या पहाटेची, ती एक्स ६.३ ज्वाला जवळच्या अतिनील किरणांत टिपली आहे.

घाबरवणारा संदेश आला तर काय तपासावे?

तीन गोष्टी, आणि याच क्रमाने. ज्वालेची वेळ आपल्या वेळेत बदलून घ्यावी: तेव्हा आपल्याकडे रात्र असेल तर रेडिओवरील परिणामाचा प्रश्नच उरत नाही. मग कोरोनादर्शकात उद्रेक दिसला का आणि तो पृथ्वीकडे आहे का, हे पाहावे. संदेशात फक्त ‘एक्स’ आणि आकडा असेल तर याचे उत्तर त्यात नाही असे समजावे. शेवटी १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जेच्या प्रोटॉनांची नोंद पाहावी. या तिन्ही नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या असतात.

इतर ताऱ्यांवरही असे घडते का?

तसा दाट संशय आहे. काही तरुण आणि लालबटू (लहान, तुलनेने थंड) ताऱ्यांवर सूर्यापेक्षा कितीतरी मोठ्या ज्वाला दिसतात, पण त्यांच्याबरोबरच्या उद्रेकांचे पुरावे त्या मानाने तुरळक आहेत. दूरवरच्या ताऱ्याचा उद्रेक टिपणे मुळातच अवघड असते हे त्याचे एक कारण. दुसरे संभाव्य कारण म्हणजे या ताऱ्यांचे एकंदर चुंबकीय क्षेत्र इतके बलवान असते की १२१९२ वर जे एका डागसमूहापुरते घडले ते तेथे अख्ख्या ताऱ्यावर घडत असावे. अशा ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर वातावरण टिकेल का, याचा हिशेब करताना ज्वालांच्या आकड्यांवरून उद्रेकांची संख्या थेट गृहीत धरली जात असे. आता त्या गृहीतकाचा फेरविचार चालू आहे.